एकच रेणू, दोन निकाल: डोळ्यात जिंकलेलं औषध मेंदूत का अडलं?



पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करताना आपण बहुतेक शोध एका सरळ रेषेत वाचतो. अमुक शास्त्रज्ञाने अमुक रेणू शोधला, त्यावर औषध निघालं, रुग्ण बरे झाले. पाठ्यपुस्तकात तेवढीच जागा असते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पण संशोधनात उतरायचं असेल तर रेषा कुठे वाकली ते बघायला हवं. म्हणून आज एका औषधाचा इतिहास सांगतो. औषधाचं नाव बेव्हॅसिझुमॅब, बाजारातलं नाव अव्हॅस्टिन.

या औषधाने आणि त्याच्या भाऊबंदांनी दृष्टिपटलाच्या म्हणजे रेटिनाच्या आजारांत लाखो लोकांची नजर वाचवली. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात हेच औषध दिल्यावर एमआरआय झपाट्याने सुधारले. रुग्णांचं आयुष्य मात्र वाढलं नाही. रेणू तोच, औषध तेच, मग निकाल वेगळा का? हा प्रश्न डोक्यात ठेवून पुढे वाचा.

डोळा हा मेंदूचाच भाग

गर्भात डोळ्याचं दृष्टिपटल मेंदूच्या पुढच्या भागातून फुगवट्यासारखं बाहेर येऊन तयार होतं. म्हणजे रेटिना हा मेंदूचाच एक तुकडा आहे, फक्त तो बाहेरून बघता येतो. दोन्हीकडच्या रक्तवाहिन्यांचा एक गुण सारखा आहे. त्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातला बराचसा माल बाहेर पडू शकत नाही. मेंदूत याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात, डोळ्यात रक्त-दृष्टिपटल अडथळा.

हा अडथळा सापडला तो रंगांमुळे. १८८५ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. एर्लिख यांचा निष्कर्ष असा की मेंदूच्या ऊतीला त्या रंगाची ओढच नाही. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी प्रयोग उलटा केला. रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे ओढीचा प्रश्न नव्हताच, मध्ये भिंत होती. एर्लिख यांचं निरीक्षण बरोबर होतं, अर्थ चुकला होता. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

डोळ्यात हीच युक्ती १९६१ मध्ये आली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात हॅरॉल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंडाच्या शिरेत फ्लुरेसीन हा चमकणारा रंग टोचून रेटिनाचे फोटो काढले. पहिला रुग्ण म्हणजे खुद्द अल्विस. नेत्रविज्ञानाच्या जर्नलने पेपर नाकारला, शेवटी तो हृदय आणि रक्ताभिसरणाच्या 'सर्क्युलेशन' या जर्नलमध्ये छापून आला. आजही रेटिनाच्या दवाखान्यात ही तपासणी होते. वाहिनी धड असेल तर रंग आत राहतो, फुटकी असेल तर बाहेर झिरपून चमकतो. मेंदूच्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. अडथळा फुटला असेल तिथे गॅडोलिनियम झिरपतं आणि तो भाग पांढरा चमकतो. थोडक्यात, दोन्ही तपासण्या आपल्याला गळती दाखवतात. रोग दाखवतात असं आपण धरून चालतो, आणि गोष्टीतली मेख नेमकी इथेच आहे.

एका अनामिक घटकाचा अंदाज

१९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन हे नेत्रतज्ज्ञ रेटिनातल्या रक्तवाहिन्या कशा वाढतात याचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की वाहिन्यांची वाढ कुठेही, कशीही होत नाही. धमनीच्या आजूबाजूला, जिथे ऑक्सिजन भरपूर, तिथे केशवाहिन्यांशिवायचा मोकळा पट्टा राहतो. त्यांनी तर्क केला की ऑक्सिजनला आसुसलेली रेटिना कुठलातरी पसरणारा रासायनिक घटक सोडत असावी आणि तो वाहिन्यांना बोलावत असावा. मधुमेहात रेटिनावर वाढणाऱ्या नाजूक, रक्तस्राव करणाऱ्या वाहिन्यांमागेही तोच असावा. हा घटक पुढे 'फॅक्टर एक्स' म्हणून ओळखला गेला. हातात रेणू नव्हता, फक्त नमुना होता. पण तर्क इतका नेटका होता की पुढची पंचेचाळीस वर्षं लोक त्याचा शोध घेत राहिले.

दुसरीकडे १९७१ मध्ये बॉस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी कर्करोगाबद्दल असाच विचार मांडला. गाठ वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या ती रसायन सोडून मागवून घेते. ते रसायन अडवलं तर गाठ उपाशी पडेल. बऱ्याच जणांनी तेव्हा ही कल्पना फारशी मनावर घेतली नाही.

डोळ्याचे आणि कर्करोगाचे अभ्यासक एकाच गोष्टीच्या मागे होते, पण वेगवेगळ्या जर्नलांमध्ये लिहीत होते.

दोन नावं, एक प्रथिन

१९८३ मध्ये बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि डोनाल्ड सेंगर यांच्या गटाला गिनिपिगच्या गाठीतून एक प्रथिन मिळालं. ते शोधायची पद्धतही रंगाचीच होती. प्राण्याच्या रक्तात निळा रंग सोडायचा, कातडीत नमुना टोचायचा आणि निळा डाग किती पसरतो ते मोजायचं. डाग पसरला म्हणजे वाहिन्या गळायला लागल्या. या प्रथिनाने वाहिन्या जबरदस्त गळत होत्या, म्हणून नाव पडलं व्हॅस्क्युलर परमिएबिलिटी फॅक्टर, व्हीपीएफ.

काही वर्षांनी कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांना गाई-बैलांच्या पियूषिका ग्रंथीच्या पेशी वाढवताना एक वेगळंच प्रथिन सापडलं. ते रक्तवाहिन्यांच्या पेशींची संख्या वाढवत होतं. जेनेनटेक कंपनीत त्यांचं नेमलेलं काम दुसरंच होतं, हे जोडीला चालू होतं. १९८९ मध्ये त्यांनी या प्रथिनाचा क्रम लावला आणि नाव दिलं व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर, व्हीईजीएफ. त्याच वर्षी 'सायन्स'च्या त्याच अंकात मोन्सँटोच्या गटाने व्हीपीएफचा क्रम छापला. दोन्ही क्रम शेजारी ठेवले तर प्रथिन एकच.

इथे जरा थांबा. एका गटाला दिसलं की हे प्रथिन वाहिन्या *गळवतं*. दुसऱ्याला दिसलं की ते वाहिन्या *वाढवतं*. दोघंही बरोबर. पण नाव टिकलं ते वाढीचं, आणि माझ्या मते नावाने पुढच्या विचारालाही दिशा दिली. 'वाढ' अडवायची आहे असं म्हणत लोक औषध बनवायला निघाले. 'गळती' हा गुण मागे पडला, आणि शेवटी निकाल ठरवताना तोच पुढे आला.

डोळ्यात आणि मेंदूत, एकाच वेळी

१९९२ मध्ये 'नेचर'मध्ये दोन पेपर आले, दोन्ही ग्लायोब्लास्टोमावर. एली केशेट यांच्या गटाने दाखवलं की गाठीच्या ज्या भागात पेशी ऑक्सिजनअभावी मरतात, त्याला लागून असलेल्या पेशी व्हीईजीएफ भरपूर बनवतात. कार्ल प्लेट आणि वर्नर रिसाऊ यांच्या गटाने माणसाच्या ग्लायोमामध्ये तेच पाहिलं. १९९४ मध्ये लॉइड एल्लो आणि सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवाचे २१० नमुने तपासले. मधुमेहामुळे नव्या वाहिन्या फुटत असलेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ चढलेलं होतं, लेझर उपचारानंतर ते उतरलेलं दिसलं. मायकेलसन यांच्या अनामिक घटकाला अखेर नाव मिळालं.

मधल्या काळात, १९९३ मध्ये, फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफला पकडणारं प्रतिपिंड उंदरांना देऊन गाठींची वाढ रोखून दाखवली. त्यात वापरलेल्या तीन मानवी कर्करोग पेशींपैकी एक ग्लायोब्लास्टोमाची होती. त्या प्रतिपिंडाचं माणसाला चालेल असं रूप म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

डोळ्यातला विजय

डोळ्यासाठी कंपनीने वेगळं औषध बनवलं. कारण काय? १९९९ मध्ये माकडांच्या डोळ्यात एक अख्खं प्रतिपिंड आणि प्रतिपिंडाचा एक छोटा तुकडा टोचून पाहिला होता. तुकडा रेटिनात शिरला, अख्खं प्रतिपिंड वरच्या थराशीच अडलं. म्हणून छोट्या तुकड्याचं रॅनिबिझुमॅब, म्हणजे ल्युसेंटिस, तयार झालं. पण त्या माकडांना दिलेलं अख्खं प्रतिपिंड व्हीईजीएफविरोधी नव्हतं, भलत्याच प्रथिनाविरुद्धचं होतं. शिवाय निरोगी माकडाची रेटिना वेगळी आणि आजारी माणसाची वेगळी.

२००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी विचार केला की ल्युसेंटिस बाजारात यायला वेळ आहे, रुग्णांची नजर तोवर थांबणार नाही. त्यांनी अव्हॅस्टिनचा अगदी छोटा डोस थेट डोळ्यात टोचला. अख्खं प्रतिपिंड असूनही रेटिनाची सूज उतरली. काही महिन्यांत जगभरचे नेत्रतज्ज्ञ हे करू लागले.

२००६ मध्ये ल्युसेंटिसच्या मारिना ट्रायलचा निकाल आला. ७१६ रुग्ण, आजार वयोमानानुसार होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, त्यातला 'वेट' म्हणजे वाहिन्या फुटून गळणारा प्रकार. वर्षाअखेर दृष्टी तक्त्यावर १५ किंवा जास्त अक्षरं सुधारलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात सुमारे ३४ टक्के, इंजेक्शनचं नुसतं नाटक केलेल्या गटात ५ टक्के. यापूर्वीच्या उपचारांत नजर घसरण्याचा वेग कमी झाला तरी डॉक्टर समाधान मानत. इथे नजर परत येत होती.

मग पैशांचा प्रश्न आला. अमेरिकेत ल्युसेंटिसचा एक डोस सुमारे २,००० डॉलरला, अव्हॅस्टिनच्या मोठ्या कुपीतून काढलेला डोळ्याचा डोस सुमारे ५० डॉलरला. दोघांची थेट तुलना करण्यात कंपनीला रस असायचं कारण नव्हतं, म्हणून अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने सरकारी पैशाने कॅट ही ट्रायल केली. २०११ चा निकाल: दर महिन्याला इंजेक्शन घेतलेल्यांत वर्षभरात सरासरी वाढ ल्युसेंटिसने ८.५ अक्षरं, अव्हॅस्टिनने ८.०. जवळपास बरोबरी. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यातल्या वापरासाठी बेव्हॅसिझुमॅब आवश्यक औषधांच्या यादीत घातलं.

भारतात हा फरक आणखी टोचतो, कारण इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि खर्च बहुतेक वेळा खिशातून होतो. एका कुपीतून अनेक डोस भरताना निर्जंतुकता सांभाळणं हा इथला खरा धोका. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या काही रुग्णांना त्रास झाल्यावर औषध नियंत्रकांनी अव्हॅस्टिनच्या डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला होता, नंतर तो मागे घेतला गेला. त्याआधी २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची स्वस्त जैवसमान आवृत्ती भारतात आणली होती.

मेंदूतला चकवा

आता मेंदूकडे या. ग्लायोब्लास्टोमा व्हीईजीएफने खच्चून भरलेला असतो. कागदावर यापेक्षा चांगलं लक्ष्य सापडणार नाही. उपचारानंतर पुन्हा उलटलेल्या रुग्णांना बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर एमआरआयवरचा पांढरा चमकणारा भाग आकसला, कधी कधी काही दिवसांत. सूज उतरली, स्टिरॉइड कमी करता आली. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्वरित मान्यता दिली. आधार होता दोन अभ्यासांचा, ज्यांत अनुक्रमे सुमारे २६ आणि २० टक्के रुग्णांच्या गाठी एमआरआयच्या निकषांवर आकसल्या होत्या. तुलनेसाठी औषधाविनाचा गट त्यांत नव्हता.

आता गॅडोलिनियमचं तत्त्व आठवा. पांढरा भाग म्हणजे गळती. व्हीईजीएफ हाच गळती करणारा रेणू, त्याचं पहिलं नावच ते. त्याला अडवलं की वाहिन्या पुन्हा घट्ट होतात, गॅडोलिनियम बाहेर पडत नाही, पांढरा भाग नाहीसा होतो. कर्करोगाच्या पेशी तिथेच असल्या तरी! नळाची गळती बंद केली की फरशी कोरडी होते; पाइप आतून गंजला आहे की नाही ते फरशी सांगत नाही. वैद्यकीय लिखाणात याला 'स्यूडोरिस्पॉन्स', म्हणजे आभासी प्रतिसाद म्हणतात. एर्लिख यांची जोडी परत आली: निरीक्षण खरं, अर्थ चुकीचा.

१९९० पासून वापरात असलेले मॅकडोनाल्ड निकष मुख्यतः या चमकणाऱ्या भागाच्या मापावर उभे होते. २०१० मध्ये रॅनो नावाचे नवे निकष आले. त्यात न चमकणारा, पण एमआरआयच्या दुसऱ्या पद्धतींत दिसणारा भागही बघायचा असं ठरलं, कारण काही रुग्णांत गाठ तिथे गुपचूप पसरत होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन मोठ्या ट्रायल छापून आल्या. नव्याने निदान झालेले रुग्ण, नेहमीचा उपचार सगळ्यांना, आणि जोडीला बेव्हॅसिझुमॅब किंवा खोटं औषध. ९२१ रुग्णांच्या अव्हाग्लिओ ट्रायलमध्ये आजार न वाढता गेलेला काळ ६.२ वरून १०.६ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य? औषध घेतलेल्यांत १६.८ महिने, न घेतलेल्यांत १६.७. दुसऱ्या, आरटीओजी ०८२५ या ट्रायलमध्येही आयुष्यात फरक पडला नाही. जगण्याच्या दर्जाबद्दल तर दोघींचं जमलंच नाही. एकीत तो जास्त काळ टिकला, दुसरीत औषधाच्या गटात तो घसरला.

२०१७ मध्ये पुन्हा उलटलेल्या रुग्णांवरच्या युरोपीय ट्रायलमध्ये हेच चित्र दिसलं: आजार न वाढता गेलेला काळ १.५ वरून ४.२ महिने, आयुष्य मात्र ८.६ आणि ९.१, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. त्याच वर्षी एफडीएने पुन्हा उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी पूर्ण मान्यता दिली. यावर लोकांची दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. शेवटच्या काही महिन्यांत सूज कमी राहिली, स्टिरॉइडचा त्रास टळला, तर रुग्णाला आणि घरच्यांना ते कमी मोलाचं नाही. पण त्याला 'कर्करोग हटला' म्हणता येत नाही.

मग फरक कशाने पडला?

पहिलं उत्तर असं सुचतं की डोळ्यात औषध थेट टोचतात, मेंदूत रक्तातून जातं, अडथळा आडवा येतो. यात तथ्य आहे, पण ते पुरेसं नाही, कारण हे औषध ज्याला पकडतं ते व्हीईजीएफ वाहिनीच्या भिंतीपाशीच काम करतं आणि एमआरआयवर परिणाम दिसतच होता. औषध पोचत होतं. मला पटणारं उत्तर वेगळं आहे. वेट एएमडीमध्ये नजर जाते ती बरीचशी गळतीमुळेच. पीतबिंदूखाली पाणी आणि रक्त साचतं, ते हटलं की माणसाला दिसतं. ग्लायोब्लास्टोमात माणूस दगावतो तो मेंदूभर घुसणाऱ्या पेशींमुळे, आणि त्या पेशी मेंदूच्या जुन्या वाहिन्यांना धरूनही सरकू शकतात.

हे उत्तर तपासता येतं का? येतं. मेंदूत असा आजार शोधा जिथे गळती हाच आजार आहे. रेडिएशननंतर काही रुग्णांत मेंदूची ऊती मरते आणि भोवती प्रचंड सूज येते, तिथे कर्करोग नसतानाही. २०११ मध्ये व्हिक्टर लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अशा फक्त १४ रुग्णांवर, खोट्या औषधाशी तुलना करून, बेव्हॅसिझुमॅब वापरलं. औषध मिळालेले सगळे सुधारले, खोटं औषध मिळालेला एकही नाही. मेंदू तोच, औषध तेच, अडथळाही तोच. प्रश्न बदलला आणि उत्तर बदललं.

उलट बाजूनेही तपासा. डोळ्यात तरी विजय पूर्ण आहे का? २०१३ च्या सेव्हन-अप अभ्यासात सुरुवातीच्या ल्युसेंटिस ट्रायलमधल्या ६५ रुग्णांना सुमारे सात वर्षांनी पुन्हा बोलावलं. एक तृतीयांशाहून जास्त जणांची नजर खूपच खराब झाली होती आणि जवळपास सगळ्या डोळ्यांत पीतबिंदूची ऊती झिजलेली आढळली. गळती थांबली तरी खालचा ऱ्हास चालूच राहिला. म्हणजे डोळ्यातही गळती हा आजाराचा एक भाग आहे, सगळा आजार नाही.

तुमच्या कामासाठी

संशोधन प्रस्ताव लिहिताना किंवा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. एक, मी जे मोजतोय ते आजार आहे की आजाराची खूण? दोन, माझं औषध आजाराला न लागता थेट खुणेलाच बदलू शकतं का? बदलू शकत असेल तर ती खूण त्या औषधासाठी निकष म्हणून निकामी आहे, बाकीच्या औषधांसाठी कितीही चांगली असली तरी. तीन, माझं स्पष्टीकरण खरं असेल तर ते कुठल्या तिसऱ्या ठिकाणी दिसायला हवं? लेव्हिन यांच्या चौदा रुग्णांनी जे सांगितलं ते शेकडो रुग्णांच्या ट्रायलला एकट्याने सांगता आलं नसतं.

या आठवड्यासाठी एक गृहपाठ देतो. २०१४ चे ते दोन्ही पेपर समोरासमोर ठेवून वाचा. आधी निष्कर्ष वाचू नका. आजार 'वाढला' हे कोणी, कशावरून ठरवलं, तेवढंच दोन्हींतून शोधून काढा. मग जगण्याच्या दर्जाबद्दल दोघांचं का पटलं नाही याचं तुमचं स्वतःचं एक कारण लिहा, आणि ते कारण चूक ठरवायला कुठली माहिती लागेल तेही खाली लिहा. मुलाखतीत याच दुसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात.